पाच किंवा अधिक

कॉलरला मागून हात पडला तेव्हा तो कवळीकडे बघत होता. आरोग्य खात्याच्या इमारतीच्या भिंतीलगत फुटपाथवर सावलीची एक पट्टी पडली होती. तिच्यात थांबून त्याने पिशवीतली डबी उघडली होती आणि वरच्या कवळीच्या डाव्या सुळ्याजवळ सकाळी दिसलेली रेघ ही तड आहे की नुसता मेणाचा ओघळ, हे तो नखाने चाचपत होता. मघाशी गेटाकडून काहीतरी फुटल्याचा आवाज आला होता, पण त्याने मान वर केली नव्हती. फुटेना का. मग हात पडला, शर्टाचं वरचं बटण गळ्यात रुतलं आणि कानाशी कुणीतरी मोठ्या समाधानाने म्हणालं, “हा घ्या साहेब, पाचवा.”

कॉलरला हात घालून घेण्याचं त्याचं वय कधीच सरलं होतं. शहरातले निम्मे दंतवैद्य त्याला कवळीकाका म्हणत. बाजारामागच्या एका खोलीत प्लास्टर, मेण आणि गुलाबी पावडर यांच्या वासात त्याने अख्खं आयुष्य काढलं होतं. दुसऱ्यांची तोंडं घडवली होती, स्वतःचं बहुधा मिटूनच ठेवलं होतं. त्यामुळे त्या हाताने प्रथम त्याला भीती वाटली नाही, लाज वाटली, शाळकरी पोरासारखी. आणि लगेच त्या लाजेचा राग आला. तो म्हणाला, “अहो, मी नुसता उभा आहे.” हवालदार म्हणाला, “त्याही नुसत्याच उभ्या आहेत.” आणि त्याने बोट दाखवलं तेव्हा कुठे त्याला आपल्या डाव्या बाजूला, चार पावलांवर, कापडी फलक धरून उभ्या असलेल्या चार बायका दिसल्या.

गाडीत त्या चौघी समोरच्या बाकावर आणि तो इकडे, पिशवी मांडीवर घट्ट धरून. दोघी सख्ख्या बहिणी असाव्यात, एकाच साच्यातून काढल्यासारखी हनुवटी. एक चष्मेवाली. आणि एक थोरली, हाडापेराने मोठी, जिचे वरचे चार दात गेलेले होते. हे त्याने नको असताना पाहिलं. ती त्याच्याकडे अशी बघत होती की जणू यानेच तिला पकडून आणलंय.

“तुम्ही कशाला तिथे येऊन मेलात?” ती म्हणाली.

“मी?”

“नाहीतर कोण? आम्ही मोजून चौघी उभ्या राहतो. बाकीच्या मागच्या रस्त्याला बसतात. हुकूमच आहे, पाच किंवा अधिक माणसांनी जमायचं नाही. चहावाला आला तरी त्याला हाकलतो आम्ही, की बाबा, कप ठेव आणि पळ. इतके दिवस एकदाही पाचवं माणूस होऊ दिलं नव्हतं. आणि तुम्ही आलात ते थेट आमच्या रांगेत! जागा काय कमी होती शहरात?”

“मला तिथे सावली दिसली,” तो म्हणाला. त्याला स्वतःचाच आवाज बिनदातांच्या माणसासारखा बावळट वाटला.

“सावली दिसली!” थोरली बहिणींकडे वळून म्हणाली. “यांना सावली दिसली गं.” धाकटी खुदकन हसली आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

चौकीत त्याच्या पिशवीतून प्लास्टरचा जबडा निघाला. ज्या म्हाताऱ्या गायिकेसाठी, सगळ्यांच्या गाणंबाईंसाठी, ती कवळी होती, त्यांच्याच हिरड्यांचा साचा. कारकुनाने तो हातात तोलून पाहिला आणि लिहिलं, ‘दगडसदृश पांढरी जड वस्तू, एक.’ त्याने जीव तोडून सांगितलं की हे प्लास्टर आहे, हा माणसाच्या तोंडाचा साचा आहे, फेकला तर याचाच चुरा होईल. फौजदार शांतपणे म्हणाला, “फेकता येतो का? येतो. मग झालं. आरोग्य खात्याच्या साहेबांच्या गाडीची मागची काच फुटलीय.” कारकून म्हणाला, “साहेब, याने चावतासुद्धा येईल,” आणि खोलीतले सगळे हसले. तोही हसला. हे त्याला नंतर कितीतरी दिवस सहन झालं नाही, की त्या हसण्यात तोही होता. आणि कवळीसुद्धा जप्त झाली. गाणंबाई पुढे दर दोन-तीन दिवसांनी फोन करून विचारायच्या, “अहो, माझे दात सुटले का?” त्या खिमट गिळून कंटाळल्या होत्या. “दातांना जामीन मिळत नाही का हो?” असं त्या अगदी गांभीर्याने विचारायच्या, आणि हा फोन ठेवून दातओठ खात बसायचा.

जामीन त्याला जावयाने मिळवून दिला. जावई सरकारी नोकर, फायलींच्या जगातला, गोड बोलणारा आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यामागे बघणारा. गाडी चालवत तो समजावत होता, “बाबा, कलम असं आहे. पाच किंवा अधिक माणसं एका हेतूने जमली की तो जमाव. आणि जमावातल्या एकाने केलं ते सगळ्यांनी केलं. काच कुणी फोडली हे मग शोधावंच लागत नाही.”

“आणि चार असली तर?”

“तर शोधावं लागतं. ते अवघड जातं.”

“म्हणजे चार माणसं ही माणसं. आणि पाच झाली की त्यांचं एकच जनावर होतं.”

“तसंच काही नाही,” जावई म्हणाला, “पण हो.”

त्या वाक्याने त्याच्या डोक्यात काहीतरी घट्ट बसलं, प्लास्टर घट्ट होताना गरम होतं तसं गरम होत. तो स्वतःला कशातच नसलेला माणूस समजत आला होता. लहानपणी वर्गात कुणीतरी मास्तरांच्या खुर्चीला डिंक लावला तेव्हा मास्तरांनी अख्खा बाक उभा केला होता. तो रडत नव्हता, घाबरलाही नव्हता, फक्त स्पष्ट आवाजात म्हणाला होता, “मी नव्हतो.” आणि ते खरं होतं. मास्तरांनी त्याला बसवलं आणि बाकीच्यांचे हात सोलवटून काढले. त्यानंतर त्या पोरांनी त्याला कुठल्याही खेळात घेतलं नाही. तो मैदानाच्या कडेला बसून राही, आणि हळूहळू त्याला कडेची जागा आवडू लागली. तिथून सगळं नीट दिसतं आणि अंगाला काही लागत नाही. पुढे दंतमहाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत संप झाला, तेव्हा तो रजेवर गेला. संपातही नाही, कामावरही नाही. मेव्हण्यांची वाटणी, इमारतीची भांडणं, निवडणुका, मोर्चे, सगळ्याला त्याचं एकच उत्तर, मी त्यात नाही. बायको म्हणायची, “दारावर पाटी लावा, नावाऐवजी हेच लिहून.” त्याला ते बोलणं लागायचं नाही. उलट बरं वाटायचं. आणि आता कुणीतरी कॉलर धरून त्याला मोजलं होतं. त्याच्या परवानगीशिवाय, बाजारात नग मोजावा तसं. पाचवा! त्याचं नाव विचारायच्या आधी त्याचा आकडा ठरला होता.

तारखांना मात्र तो आणि त्या चौघी एकाच बाकावर. न्यायालयाचा व्हरांडा अरुंद होता, भिंतीला खांद्याच्या उंचीवर शेकडो पाठींचा तेलकट पट्टा उमटलेला, आणि बाक एकच. आधी तो टोकाला बसे, मध्ये पिशवी ठेवून. पण पुकारा होईपर्यंत दिवस उलटे आणि माणूस किती वेळ भिंतीकडे बघेल? त्या सरकारी रुग्णालयाच्या धुलाईखान्यात कामाला होत्या. चादरी, अभ्रे, शस्त्रक्रियेचे हिरवे डगले, रक्ताने कडक झालेले. थोरलीचे हात त्याने पाहिले, बोटांची टोकं पांढरीफटक, क्षाराने खाल्लेली, ठसे पुसलेली. “अंगठा उमटत नाही माझा,” ती म्हणाली. “चौकीत तीनदा घेतला. फौजदार चिडला, म्हणाला, मुद्दाम करतेस.” एक दिवस बाहेरच्या कंपनीला काम दिलं गेलं आणि यांना येऊ नका म्हणून सांगितलं. करारात तसं होतंच. थोरलीला ते वाक्य पाठ होतं, ‘प्रशासन कोणतंही कारण न देता, कोणत्याही वेळी सेवा समाप्त करू शकेल.’

“कारण न देता का म्हणून?” धाकट्या बहिणीने विचारलं. हे ती बहुधा शंभराव्यांदा विचारत होती.

“त्याचंही कारण दिलेलं नाही,” थोरली म्हणाली, आणि चष्मेवाली इतकी हसली की शिपाई डाफरला.

तो हसला नाही. त्याला एकदम दिसलं की करारातलं हे वाक्य आणि जमायचं नाही हे हुकुमातलं, दोन्ही वाक्यं एकाच माणसाने, एकाच टेबलावर, एकाच पेनने लिहिलेली असणार. त्यांच्यासाठी ‘शकेल’ आणि यांच्यासाठी ‘नये’. प्रशासन काढू शकेल. कामगारांनी जमू नये. अधिकारी बंदी घालू शकेल. नागरिकांनी थांबू नये. सावलीतसुद्धा! अख्खी भाषा या दोन क्रियापदांत वाटून घेतली होती हरामखोरांनी, आणि त्याच्या वाट्याला आजवर आपण ‘नये’च्या बाजूला आहोत हे न कळण्याचं सुख आलं होतं. घरी आला तरी जबडा सैल होईना. सकाळी उठल्यावर कानशिलं ठणकत. झोपेत दात खाणाऱ्या गिऱ्हाइकांच्या कवळ्या कशा झिजतात हे त्याला ठाऊक होतं, दाढांचे डोंगर सपाट होतात. आरशात त्याने स्वतःच्या दाढा पाहिल्या.

मग एक दिवस जावई संध्याकाळी आला, मिठाईचा डबा न आणता, म्हणजे काम असणार. “बोललोय मी,” तो म्हणाला. “तुम्हाला आरोपींतून काढतील. साक्षीदार करतील. तुम्ही एवढंच सांगायचं की तुम्ही बाजूला उभे होतात, आणि त्या चौघींबरोबर आणखी एक माणूस होता, तो काच फुटल्यावर पळाला. तुमच्याऐवजी पाचवा तो.”

“कोण माणूस?”

“अनोळखी इसम.”

“तसा कुणी नव्हता.”

“बाबा, अनोळखी आहे. नसला तरी ओळखणार कोण?” जावयाला आपल्या विनोदाचं हसू आलं, मग ते त्याने आवरलं. “हे बघा. नाहीतर तो जबडा दगड ठरतो आणि काच तुमच्या नावावर जाते. माझी बढतीची फाईल वर गेलीय. घरात आरोपी असलेला चालत नाही. तुमच्या मुलीचा तरी विचार करा.”

मुलीचं नाव काढलं की त्याला बोलता येत नसे. बायको दाराशी उभी होती, पदराला हात पुसत. त्याला वाटलं, हिने नको म्हणावं. तिला वाटत असावं, याने म्हणावं. दुसऱ्या दिवशी त्याने सही केली. सरकारी वकिलाच्या खोलीत, एका पायाने डुगडुगणाऱ्या टेबलावर. वकिलाने तीन ओळींचा जबाब वाचून दाखवला. त्यातला पळणारा माणूस मध्यम बांध्याचा होता, सावळा होता, निळ्या सदऱ्यातला होता. सही करून बाहेर पडल्यावर रस्त्यात त्याला असे किती तरी इसम दिसले. मध्यम, सावळे, निळे. कुठेतरी कामाला निघालेले. आपण कुणाला तरी घडवलंय आणि तो आता या शहरात मोकळा फिरतोय, कुणाच्याही अंगावर चढवता येईल असा, हे त्याला पानपट्टीजवळ कळलं आणि तिथेच भिंतीला धरून तो ओकला. त्याने उभ्या आयुष्यात बेढब काम दिलं नव्हतं. त्याची कवळी ज्याची त्यालाच बसायची, दुसऱ्याच्या तोंडात टिकायची नाही.

पुढच्या तारखेला तो व्हरांड्यात आला तेव्हा त्या चौघींना कळलेलं होतं. तो बाकाजवळ गेला. थोरली फक्त उठली, आणि मग बाकीच्या तिघी उठल्या, आणि चौघी समोरच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. अख्खा बाक त्याच्यासाठी मोकळा झाला. तो बसला. आयुष्यभर हवी होती तशी कडेची, मोकळी, अंगाला काही न लागणारी जागा. भिंतीचा तेलकट थंडावा पाठीला लागत होता. त्याला वाटलं, उठावं आणि या चौघींच्या कानाखाली एकेक वाजवावी, तुमच्यामुळे हे झालं. मग वाटलं, फौजदाराच्या वाजवावी, जावयाच्या, वकिलाच्या. मग उरला तो स्वतःच.

त्या दिवशी तो त्या चौघींच्या वकीलबाईंच्या मागे जिन्यापर्यंत गेला. वकीलबाई तरुण होत्या, घाईत होत्या, दोन्ही हातांत फायली. “मला जबाब फिरवायचाय,” तो म्हणाला.

त्या थांबल्या. “काय सांगणार?”

“सांगणार की होतो मी त्यांच्यात! स्वतःहून होतो. पुन्हा उभा राहीन. काय करायचंय ते करा म्हणावं मला.” त्याचा आवाज जिन्यात घुमला. खूप वर्षांनी तो इतक्या मोठ्याने बोलला होता आणि ते त्याला बरं वाटलं, गच्च बसलेला साचा सुटावा तसं.

वकीलबाईंनी फायली कठड्यावर ठेवल्या. “काका, असं म्हणालात तर त्या पाच झाल्या. तुमच्यासकट पाच. काच पाचांच्या डोक्यावर. त्या आत जातील, आणि तुम्ही हार घालून घ्या.”

त्याने कठड्याला हात टेकला.

“त्यांना सोडवायचं असेल तर एकच आहे. पळालं कुणी नाही. आणि तुम्ही त्यांच्यात नव्हतात. काही संबंध नाही, काही देणंघेणं नाही. सावलीला उभे होतात.”

“पण आता तसं नाहीये,” तो म्हणाला. हे कसं सांगावं ते त्याला समजेना. “तेव्हा नव्हतो. आता...”

“न्यायालय तेव्हाचं विचारतं,” वकीलबाई म्हणाल्या, आणि जरा मऊ आवाजात, “आणि जबाब फिरवल्याबद्दल तुमच्यावर वेगळा खटला होईल, खोटी साक्ष म्हणून. ते मी थांबवू शकणार नाही. विचार करा.”

त्याने विचार केला नाही. विचार करणाऱ्याने काय केलं असतं ते त्याला माहीत होतं. साक्षीच्या दिवशी बायकोने इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला आणि वरचं बटण लावू नका म्हणाली, गळ्याशी घट्ट होतं. पिंजऱ्यात उभं राहिल्यावर त्याला प्रथम दिसली ती चौघींची रांग. त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या. सरकारी वकिलाने गोडीने सुरुवात केली, “त्या दिवशी तुम्ही पाहिलेला पाचवा इसम...”

“नव्हता,” तो म्हणाला.

“काय?”

“पाचवा कुणी नव्हता. पळालं कुणी नाही. निळा सदरा वगैरे तुम्हीच लिहिलात. मी सही केली.”

खोलीत कुजबूज उठली. वकिलाचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला. न्यायाधीश वयस्क होते, त्यांनी चष्मा काढला आणि स्वतः विचारायला लागले. “मग तुम्ही त्या ठिकाणी कशासाठी होतात? या महिलांच्या आंदोलनात सहभागी होतात का?”

त्याचा जबडा आवळला. उत्तर तोंडात तयार होतं, गोल, कडक, पूर्ण. हो. एवढंच. ते बाहेर फेकलं असतं तर या खोलीची एखादी काच नक्की फुटली असती. थोरलीने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं.

“नाही,” तो म्हणाला.

“त्यांची मागणी काय होती, तुम्हाला माहीत होतं?”

चादरी, अभ्रे, हिरवे डगले. कोणतंही कारण न देता, कोणत्याही वेळी. “नाही.”

“त्यांच्याशी तुमचा काही संबंध, सहानुभूती?”

“मी सावलीला उभा होतो,” तो म्हणाला. “मी त्यांच्यात नव्हतो.” तेच शब्द, तोच स्पष्ट आवाज, बाकावरच्या पोराचा. लेखनिकाने ते टिपून घेतले. खरं होतं, अक्षर न् अक्षर खरं, आणि बोलताना त्याला थुंकावंसं वाटत होतं. न्यायाधीशांवर, लेखनिकावर, त्या छापील पुस्तकावर, ज्यात माणूस कुणाच्या बाजूचा आहे हे विचारायला जागा नव्हती, फक्त कितवा आहे हे विचारायला होती.

निकाल पुढच्या आठवड्यात लागला. जमाव सिद्ध होत नाही, काच कुणी फोडली हे सिद्ध होत नाही, चौघी मोकळ्या. त्याच निकालाच्या शेवटच्या परिच्छेदात त्याच्यावर खोट्या साक्षीची कारवाई सुरू करावी असं होतं. जावयाचा फोन आला नाही, मुलीचाही आला नाही. व्हरांड्यात चौघी फलकाची गुंडाळी काखेत मारून निघाल्या होत्या. तो वाटेत उभा राहिला. आभाराची अपेक्षा नव्हती. काय अपेक्षा होती ते मात्र त्याला सांगता आलं नसतं. थोरली थांबली.

“सही कशाला केलीत आधी?” ती म्हणाली.

“घाबरलो.”

“हं.” तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “उद्यापासून पुन्हा उभ्या राहणार आम्ही. हुकूम उठलेला नाही अजून.”

“मी येऊ?”

“नाही,” ती म्हणाली. आवाजात माया नव्हती, रागही नव्हता, हिशेब होता. “चौघी आहोत.” आणि त्या निघून गेल्या.

घरी तो बूट न काढता खुर्चीत बसला. बायकोने पाणी आणलं, त्याने घेतलं नाही.

“सुटल्या का त्या?” तिने विचारलं.

“सुटल्या.”

“मग असं तोंड का केलंय? खटल्याची काळजी करताय? बघू. घर काही विकायला लावणार नाहीत.”

“खटला बरोबर आहे,” तो म्हणाला. “खोटीच साक्ष दिली मी.”

“काय खोटं बोललात? पळणारा कुणी नव्हता. तुम्हीही त्यांच्यात नव्हतात.”

“नव्हतो म्हणालो,” तो ओरडला, आणि हातातली पिशवी त्याने भिंतीवर भिरकावली. शेजारचं दार उघडल्याचा आवाज आला. “भर न्यायालयात, त्या थोरलीच्या तोंडाकडे बघत, नव्हतो म्हणालो!”

बायकोने पिशवी उचलली नाही. ती त्याच्या समोर खाली बसली आणि त्याच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागली. त्याने पाय मागे घेतला नाही.